धाकटी लाँच, थोरली लाँच

दलाल म्हणाला की गोव्यात या लाँचींच्या मागे दोर बांधून साहेब लोक पाण्यावर उभे राहायचे. पायांत दोन लांब फळ्या, हातात दोर, आणि लाँच सुसाट पुढे. धाकटी लाँच एका साहेबाला ओढायची, थोरली एका वेळी तिघांना. मी माजघराच्या दाराआड उभी राहून हे ऐकत होते. मनात म्हटलं, धडधाकट बाप्ये फळ्यांवर उभे राहून समुद्रात कशाला फिरतील? हा माणूस तोंड उघडताच इतकं खोटं बोलतो, तर इंजिनाबद्दल काय काय सांगेल कोण जाणे.

फळ्यांची गोष्ट खरी होती, हे मला फार उशिरा एका मासिकातला फोटो पाहून कळलं. तेव्हा मात्र मी त्या दलालाच्या पांढऱ्या विजारीपासून काळ्या चष्म्यापर्यंत कशावरच विश्वास ठेवायला तयार नव्हते.

गोवा मोकळा होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. तिकडचं नाना तऱ्हेचं सामान आमच्या बाजूला यायला लागलं होतं. वेंगुर्ल्याच्या या दलालानं दोन लाँची आणून तिथल्या धक्क्याला बांधल्या होत्या आणि गिऱ्हाईक शोधत तो खाड्याखाड्यांतून फिरत होता. आमच्याकडे एक पडाव होता, माल वाहायची रुंद उघडी होडी. मालवणाहून खाडीच्या मुखाशी आलेली कौलं, तांदूळ, मीठ भरायचं आणि कालावलच्या खाडीतून वरच्या गावांना पोचवायचं. वारा असला तर शीड, नसला तर चार माणसांनी लांब बांबू चिखलात रोवून पडाव रेटायचा. सासऱ्यांनी जन्मभर तेच केलं. ते गेले आणि आमचे हे आठ वर्षांची मुंबईच्या गोदीतली नोकरी सोडून घरी आले. यांच्या खांद्यांना बांबू सोसेना. मग यांच्या डोक्यात आलं की एक लाँच घ्यावी आणि पडाव तिच्यामागे बांधावा.

कायमचे आलो, असं हे आल्या दिवशी सासूबाईंना म्हणाले. मी ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही. आठ वर्षं जो माणूस चतुर्थीला येऊन गणपती पोचवला की परतीचं तिकीट चाचपतो, त्याचं कायमचं म्हणजे किती दिवसांचं, हे मला बघायचं होतं.

लाँची दोन आणि घ्यायची एक. धाकटीचं इंजीन मागच्या बाजूला बाहेरून अडकवलेलं होतं, पाणी उथळ लागलं की त्याचा पंखा वर उचलता येई. पण ती खाडीपुरतीच. खाडीच्या मुखाशी लाटा फुटतात, त्या ओलांडायची तिच्यात ताकद नव्हती. थोरली चांगली लांब, इंजीन पोटात, वर छप्पर आणि छपराखाली दोन माणसं आडवी होतील एवढे बाक. ती दोन पडाव ओढेल, मुख ओलांडून मालवणला जाईल, वेंगुर्ल्याला जाईल, पणजीलाही जाईल, असं दलाल सांगत होता. यांचं मन थोरलीवर बसलं होतं.

ज्या लाँचीत झोपायची सोय आहे ती घेणारा माणूस घरी कशाला झोपेल? माझं सगळं गणित एवढंच होतं. मला नवरा घरी हवा होता. रोज दिवेलागणीला अंगणात पाय धुणारा, भात मऊ झाला म्हणून कुरकुर करणारा, साधा शेजारणींना असतो तसा. आठ वर्षं मी पत्रांवर काढली होती. धाकटी घेतली तर हे खाडीत राहतील आणि संध्याकाळी घरी येतील. थोरली घेतली तर गेले. मुंबईऐवजी पणजी, एवढाच फरक.

संशयाला मी तेवढ्यावर थांबवलं असं नाही. महिन्यात चार वेळा हे वेंगुर्ल्याला इंजीन बघायला गेले. एक इंजीन चार वेळा काय बघायचं असतं? खिशात नवा कंगवा आला. खोबरेल सोडून कसलंसं वासाचं तेल आलं. शर्ट धुवायला घेताना मी आधी हुंगून बघे. वास डिझेलचा यायचा आणि मला वाटायचं, हा मुद्दाम लावून आणला असेल. आज हसू येतं. पण तेव्हा मी चांगलीच पेटले होते आणि विहिरीवर धुणं आपटत होते.

एकदा खिशात कागदाची चिठ्ठी सापडली. यांच्याच अक्षरात वारांची नावं आणि पुढे बंदरं. सोमवार वेंगुर्ले, बुधवार पणजी, शुक्रवार पुन्हा वेंगुर्ले, मग मालवण, मग पुन्हा तेच. पंधरा दिवसांच्या त्या यादीत आमच्या गावाचं नाव एकदाच होतं, शेवटच्या रविवारी. मी चिठ्ठी होती तशी घडी घालून खिशात ठेवली. विचारलं असतं तर यांनी खरं सांगितलं असतं की नाही, देव जाणे. पण मी विचारणाऱ्यातली नव्हते, शोधणाऱ्यातली होते.

गावाला वेगळाच संशय. आमच्याकडे लाँच येणार म्हणजे रात्री-अपरात्री गोव्यातून सोनं उतरणार, असं पारावर ठरूनही गेलं होतं. जकात नाक्यावरचा एक कारकून एका दुपारी सहज म्हणून येऊन पडवीत बसला आणि लाँच नेमकी कशासाठी घेता आहात, असं विचारू लागला. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "आमचा परंपरेचा व्यवसाय आहे. आम्ही कौले वाहतो." इतकं शुद्ध बोलणं त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. कारकून चहा पिऊन गेला. तो गेल्यावर त्याही यांच्याकडे वळून जरा वेळ बघत राहिल्या. म्हणजे मी एकटीच नव्हते.

शेवटी असं ठरलं की दलालानं दोन्ही लाँची आमच्या घाटावर आणाव्यात, भरलेला पडाव दोघींच्या मागे आळीपाळीनं बांधावा आणि जी नीट ओढेल ती घ्यावी. कधी बोलवायचं, हे यांनी मला विचारलं. मी तोंडवलीच्या तांडेलाची, होडी हाकणाऱ्याची मुलगी. पाणी कधी चढतं, कधी उतरतं, हे माझ्या बापानं मला अक्षरांच्या आधी शिकवलं होतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल त्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. हिशेब अगदी मिनिटाला मिनिट उतरत नाही, पण होडीवाल्याचं काम त्यावर चालतं.

मी म्हटलं, पौर्णिमेला बोलवा. उधाणाचं पाणी असतं, मोठी लाँच आरामात वर येईल. हे ऐकून यांचा चेहरा उजळला. मी त्यांच्या बाजूनं बोलले असं त्यांना वाटलं असावं. आणि तो उजळलेला चेहरा मी चिठ्ठीच्या शेजारी ठेवला, दुसरा पुरावा म्हणून.

उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच उतरतं. भरती सव्वाअकराला म्हणजे साडेपाचला ओहोटी तळाला. आमच्या घाटापुढे खाडीला वळण आहे आणि वळणावर वाळू साचलेली आहे. उधाणाच्या ओहोटीला तिथं गुडघाभर पाणी उरतं. हे यांनाही माहीत होतं. पण लाँची अकराला येणार, बाराच्या आत पडाव ओढून होणार आणि दोनच्या सुमारास दलाल उतरत्या पाण्याबरोबर परत जाणार, असा त्यांचा बेत होता. माझा बेत त्यांना सांगण्यासारखा नव्हता.

त्या दिवशी सकाळी मी दोन कोंबड्या कापायला लावल्या. सासूबाई म्हणाल्या, दोन माणसं येणार, एक पुरे. मी म्हटलं, लांबून येतात बिचारे. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"तुका पावण्यांचो एवढो पुळको कदी इलो गो?"

मी खोबरं वाटत राहिले. त्या उठल्या, आत गेल्या आणि शिरवाळ्यांचा लाकडी साचा काढून धुवायला बसल्या. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाच्या शेवया, नारळाच्या गोड रसात खायच्या. साच्यातून त्या दाबून काढायला दोन बायकांचा जीव जातो आणि वेळ तर विचारूच नये. मी त्या करायला सांगितल्या नव्हत्या. मला वाटलं, ह्या मला पकडायला बघतात की काय. मग वाटलं, मुलगा त्यांचाही आहेच की.

अकराला दोन्ही लाँची आल्या. थोरली पुढे, धाकटी तिच्यामागे दोरानं बांधलेली. दलाल आणि त्याचा इंजीनवाला, दोघंच. सगळा गाव काठावर. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, फक्त वरची एक दिसत होती. दलाल म्हणाला, आधी पडाव ओढून दाखवतो, मग जेवू. हे पडावाकडे निघालेसुद्धा. मी दारात येऊन सासूबाईंना म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, की पानं मांडून झालीत. मांडलेल्या पानाला पाठ दाखवून आमच्याकडे कोणी जात नाही, दलाल असला तरी नाही. तिघंही पाय धुऊन बसले.

वडे गरमच वाढायचे असतात. थंड वडा पाहुण्याला वाढणं म्हणजे जा म्हणून सांगणं. मी घाणा लहान ठेवला, एका वेळी चारच वडे. ते वाढायचे, परत चुलीशी यायचं, आच जरा ओढून घ्यायची, पुढचे चार. कोंबडीची सागोती संपत आली की पुन्हा वाढायची, रस्सा संपला की वडे आणायचे. मागच्या दारातून मला घाट दिसे. तीन पायऱ्या उघड्या झाल्या. मग चार. दलाल दोनदा नको म्हणाला आणि दोनदा सासूबाईंनी त्याच्या पानात वडा टाकला. मग शिरवाळे. मग सोलकढी. मग पानाचा डबा, त्यात चुना नव्हता, तो शेजारून मागवला.

हे माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. मान खाली घालून जेवत होते. मला वाटलं, पणजीचा विचार चाललाय.

जेवण इतकं जड झालं की इंजीनवाला पडवीत बसल्या जागी घोरायला लागला. दलाल म्हणाला, जरा पाठ टेकतो, पाच मिनिटं. मी उशी पाठवली. सहा पायऱ्या दिसत होत्या. मी परत परत मागच्या दारात जाऊन त्या मोजत होते. चोरी करणाऱ्या माणसाला काय होत असेल ते मला त्या दुपारी कळलं. तरी लाज वाटली नाही. राग होता ना, रागात लाजेला जागा नसते.

सगळे खाली उतरले तेव्हा चार वाजून गेले होते. पडाव कौलांनी भरलेला, तो थोरलीच्या मागे बांधला. इंजीन जोरात सुरू झालं, धूर निघाला, लोकांनी कान झाकले. वळणापर्यंत ती झोकात गेली. वळणावर मागचं पाणी एकदम चिखलाच्या रंगाचं झालं आणि ती थांबली. पडाव थांबला नाही. तो आपल्या वजनानं पुढे आला आणि तिच्या मागच्या अंगावर जाऊन आदळला. दलालानं लाँच मागे घेऊन पाहिली, तिरकी घेऊन पाहिली. पंखा वाळूत फिरत होता. थोड्या वेळानं ती एका कुशीवर कलली आणि दलालाचा चष्मा पाण्यात पडला. काठावर बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

मग पडाव सोडवून धाकटीच्या मागे बांधला. इंजीनवाल्यानं पंखा वर उचलला, बांबूनं टेकू देत वळण ओलांडलं, पंखा खाली सोडला. पडावावरची माणसं पाण्यात उतरली, त्यांनी मागून धक्का दिला आणि धाकटीनं तो हळूहळू, पण ओढला. दलाल रुतलेल्या लाँचीतून ओरडला की ही काही परीक्षा नव्हे, आता पाणी उतरलंय. काठावरचा एक म्हातारा खारवी शांतपणे म्हणाला, "पाणी दिसाक दोनदा उतारता रे." मी सगळ्या गावाला फसवलं होतं, पण म्हातारा बोलला ते खरंच होतं. धाकटी घ्यायची ठरली.

यांनी तिथल्या तिथे होकार दिला. एकही प्रश्न नाही, चिडचिड नाही. मला ते फार विचित्र वाटलं. ज्याच्या हातातून पणजी गेली तो इतका गप्प कसा? मनात दुसरं काही शिजत असेल. थोरली दिवस मावळल्यावर भरतीबरोबर सुटून गेली आणि मी पुढचे कितीतरी दिवस यांचे खिसे तपासत राहिले. त्यांत वायसर सापडायचे, सुतळी सापडायची, एकदा कौलाचा तुकडा सापडला. वासाचं तेल संपलं, पुन्हा आणलं नाही. हे रोज संध्याकाळी घरी येत. हात तेलानं काळे झालेले, लोकांची थट्टा ऐकून कान तापलेले. 'होडयेक मोटार बांधली' असं गाव म्हणायचा. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि तरी मी भाताच्या पानाशी बसून त्यांचा चेहरा वाचत असे.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. हे म्हणाले, चल, लाँचीनं तोंडवलीला सोडतो. निघालो ती वेळ चुकीची होती. पाणी उतरत होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, जातलंव गो. वळणावर व्हायचं तेच झालं. पंखा उचलायच्या आत धाकटी वाळूत बसली. पाणी चढेपर्यंत दोन तास तरी तिथंच. भर दुपार, डोक्यावर छत्री, मांडीवर आहेराचं लुगडं. मला लगेच वाटलं, यांनी हे मुद्दाम केलं. काहीतरी सांगायचं आहे आणि घरात सांगता येत नाही. आता सांगतील, मी चाललो पणजीला.

मीच आधी विचारलं, जन्मात पहिल्यांदा असेल. त्या दलालाचं पुढे काही पत्र आलं का? हे म्हणाले, आलं होतं. थोरली त्यानं दुसऱ्या कोणाला विकली, तिच्यावर माणूस हवा होता, पंधरा दिवसांनी घरी यायचं. मी 'नाही' असं कळवलं. मग नखातलं तेल काढत काढत म्हणाले, थोरली आपण घेतली असती तरी तसंच करायचं माझ्या मनात होतं. बांबूचं काम मला जमेना, गावात मान वर करून चालता येईना. तेव्हा जायचं पक्कं होतं.

म्हणजे मी बरोबर होते. चिठ्ठी, कंगवा, चार फेऱ्या, सगळं बरोबर. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

"त्या दिसा तू वड्यांचे सात घाणे काडलंस," हे म्हणाले. "मी मोजी होतंय. पडवेतसून माका पाणी उतारताना दिसत होता."

माझा चेहरा तापला. मी म्हटलं, "मगे उठलात कित्याक नाय?"

हे पाण्यात हात घालून बोटं चोळत राहिले.

"आठ वर्सां मुंबैक गेलंय. एकदा पन तू माका रवा म्हटलंस नाय. मी म्हटलंय, हिका काय त्याचा पडलेला नाय. आनी त्या दिसा बघतंय तर तू चुलीकडे घामान भिजान गेल्लंस, माका थांबवूक. मगे कसो उठतलंय?"

मला आधी रागच आला. हे सगळं ठाऊक असून वर्षभर गप्प राहिले आणि मी मूर्खासारखी खिसे उलटे करत बसले म्हणून. मग राग कुठे गेला कळलं नाही. आठही वर्षं आठवली. हे पिशवी घेऊन निघत आणि मी चुलीपुढून उठतसुद्धा नसे. यांना कळायला हवं, मी कशाला सांगू, असं माझं चाले. रवा, म्हणजे राहा, एवढं म्हणायला काय लागत होतं? दोन अक्षरं. मी तिथं लाँचीत बसून आहेराच्या लुगड्यात तोंड खुपसून रडले आणि लुगड्याला डाग पडला.

रडणं आवरल्यावर मी म्हटलं, "रवा."

हे हसले. "आता खंय जातलंय? बोट रुतली आसा."

तरीही मी ते पुन्हा एकदा म्हटलं.